शिवणयंत्राची निगा : आधी सफाई, मग तेल

गरजू भगिनीला शिवणयंत्र देणे ही आपल्याकडील धर्मादाय कार्याची जुनी आणि चांगली रीत आहे. समारंभ होतो, यंत्राला हार घातला जातो, टाळ्या पडतात आणि यंत्र घरी जाते. दोन-तीन वर्षांनी त्याच घरी जावे, तर पुष्कळदा ते कोपऱ्यात उभे दिसते व त्यावर गोधड्यांची चळत रचलेली असते. विचारल्यास “बिघडले” एवढेच उत्तर मिळते. वास्तविक अशी पुष्कळशी यंत्रे बिघडलेली नसतात, नुसती अडकलेली असतात. यंत्राबरोबर तेलाची कुपी आणि ती वापरण्याची समज दिली गेली असती, तर ती आजही चालली असती. ती समज सोप्या शब्दांत मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

टोकाशी नेढे असलेल्या सुईचे पेटंट एलियास हाऊ याने १८४६ साली अमेरिकेत घेतले आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपल्या सुधारलेल्या यंत्राचे पेटंट मिळविले. आपल्या देशात १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्र बनविण्यास आरंभ केला. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली शिवणयंत्राचा आवर्जून अपवाद केला होता. हे यंत्र माणसाचे काम हिरावून घेत नाही, उलट बाईच्या हाताला काम देते. पण काम देणारे यंत्र बंद पडले की कामही बंद पडते, आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे किंवा शाळा उघडण्याच्या वेळचे गणवेशाचे दिवस यंत्र दुरुस्त होईपर्यंत थांबत नाहीत.

यंत्र अडते का, हे आधी पाहू. सुई खाली गेली की खालचे शटल वरच्या धाग्याचा फास पकडते, तो बॉबिनभोवती फिरविते आणि टाका पडतो. मिनिटाला पाचशे टाके धरले तर तासाला तीस हजार टाके होतात. तितक्या वेळा सुईचा दांडा वरखाली होतो, शटल आपल्या खाचेत घासते आणि कापड सरकविणारे दाते पुढेमागे होतात. पोलादावर पोलाद कोरडे घासले की ते तापते व झिजते. मध्ये तेलाचा पातळ थर असला की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांपासून दूर राहतात. वंगणाचे काम ते एवढेच.

परंतु यंत्रात केवळ धातू नसतो. प्रत्येक टाक्याला धाग्याचा व कापडाचा थोडा थोडा भुगा सुटतो आणि तो शटलच्या घरात व दातांखाली साचतो. पांढुर्णा-सौंसरचा आपला मुलूख कापसाचा. कापूस पाणी व तेल किती शोषतो हे आपल्याला सांगावयास नको. शटलच्या खाचेत साचलेला कापसाचा पुंजका दिव्याच्या वातीसारखा वागतो. आपण घातलेला थेंब तोच पिऊन टाकतो आणि सांधा कोरडाच राहतो. त्यात उन्हाळ्याची धूळ मिसळली की तेल, धूळ व भुगा यांचा लेप तयार होतो व तो कानशीसारखा पोलाद घासू लागतो. म्हणून पहिला नियम असा, की सफाई आधी आणि तेल मागाहून. मळावर तेल घालणे हे तेल न घालण्याहून वाईट.

हा नियम सर्वच यंत्रांना लागू आहे. सायकलच्या साखळीचे पाहा. परदेशात नेमबाज मंडळी रिकामी काडतुसे पुन्हा भरण्यासाठी हाताने दाबावयाचे एक लहान यंत्र वापरतात. त्याच्या सरकत्या दांड्यावर जळक्या दारूची काजळी पडते. तीही आधी पुसून काढावी लागते व मगच दांड्याला वंगण द्यावे लागते. शिवाय ते तेल दारूला व टोपीला लागू द्यावयाचे नसते. आपल्याकडे दारूच्या जागी कापड आहे, इतकाच फरक.

आता तेल कोणते, ते पाहू. शिवणयंत्राचे म्हणून मिळते ते स्वच्छ, पातळ, बिनरंगी खनिज तेल तेवढेच घालावे. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल, तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल घालण्याची चूक फार होते. ही तेले हवेने हळूहळू घट्ट होतात व सांध्यात राळेसारखी चिकटतात. खोबरेल तर चोवीस अंशांच्या आसपासच थिजते. पौष महिन्यात सकाळी आपल्या घरातील खोबरेलाची बाटली पाहावी. जे बाटलीत होते तेच सांध्यात होते. रॉकेलने जुना चिकटा सुटतो, परंतु ते वंगण नव्हे. रॉकेलने धुतलेला सांधा कोरडा पुसून त्यात तेल घातलेच पाहिजे, आणि हे काम चूल व दिवा यांपासून दूर करावे.

प्रत्यक्ष कृती अशी. मोटर लावलेली असेल तर प्रथम तिची वायर काढावी. पायमशीन असेल तर पट्टा उतरवावा. सुई, कापड दाबणारा पाय व बॉबिनची डबी काढून ताटलीत ठेवावी, म्हणजे स्क्रू हरवत नाहीत. सुईखालची पत्री दोन स्क्रू सोडून उचलावी. आत दातांच्या फटींत दाबून बसलेला भुगा दिसेल. तो जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने झाडावा व घट्ट बसला असेल तर टाचणीने उकरावा. तोंडाने फुंकू नये; त्याने भुगा आणखी आत जातो आणि श्वासाचा दमटपणा पोलादाला लागतो. शटलची खाच मऊ सुती फडक्याने पुसावी. गुंडाळून बसलेला धाग्याचा तुकडा असेल तर तो चिमट्याने ओढून काढावा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईचे यंत्र भंगारात निघाले होते. त्याच्या शटलमागे बोटभर लांबीचा काळा धागा अडकलेला होता, दुसरे काही नव्हते.

सफाई झाल्यावर तेल. शटलच्या खाचेत एक थेंब. यंत्राच्या माथ्यावर व बाजूला जी लहान छिद्रे दिसतात, त्या प्रत्येकात एक थेंब. सुईच्या दांड्यावर एक थेंब. मग डोके मागे कलते करून खालच्या बाजूस जिथे जिथे दोन भाग एकमेकांवर फिरतात, तिथे एकेक थेंब. पायडलचे दोन्ही टोकांचे सांधे व चाकाला जोडलेला दांडा यांनाही विसरू नये. पायाला जड लागते ते बहुधा तिथेच. चाक हाताने आपल्याकडे आठ-दहा वेळा फिरवावे, म्हणजे तेल आत पोहोचते. दोन थेंबांनी दुप्पट काम होत नाही. जास्तीचे तेल फक्त गळते, आणि ते गळते ते गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर.

तेल कुठे घालू नये हेही तितकेच महत्त्वाचे. पट्ट्याला तेल लागले तर तो घसरतो. वरच्या धाग्याचा ताण धरणाऱ्या चकत्यांना तेल लागले तर धागा डागाळतो व ताण कमीजास्त होतो. त्या चकत्यांमधून धागा लावण्याऐवजी सुती कापडाची चिंधी ओढून त्या स्वच्छ कराव्यात. हल्लीच्या प्लॅस्टिकचे भाग असलेल्या यंत्रांत तेलाची जागा निराळी असते, म्हणून त्यांच्याबरोबर मिळणारे पुस्तक पाहूनच काम करावे.

शेवटी सर्व पुसून, सुई बसवून, चिंधीवर काही ओळी शिवाव्यात. चिंधी तेल टिपून घेते. चिंधी कोरडी निघू लागली की खरे कापड घ्यावे. रात्री दाबपायाखाली एक कापडाचा तुकडा ठेवून द्यावा. उरलेले तेल त्यात उतरते.

किती दिवसांनी? रोज शिवणाऱ्या भगिनीने दिवसाअखेर शटलचे घर झाडून एक थेंब द्यावा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण सफाई करावी. घरापुरते शिवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा केले तरी चालेल. पावसाळ्यापूर्वी उघड्या पोलादावर तेलाचा हात फिरवावा व वर सुती कापड घालावे. प्लॅस्टिक घालू नये, त्याखाली दमटपणा कोंडतो आणि गंज चढतो.

यंत्र अगदीच फिरत नसेल तर बळजबरी करू नये. भुगा काढून, छिद्रांतून दोन-दोन थेंब रॉकेल सोडून रात्रभर थांबावे, व सकाळी चाक हळूहळू मागेपुढे हलवावे. सुटले की पुसून तेल द्यावे. आवाज वाढला तर कोरडेपणा समजावा. टाके सुटू लागले तर मात्र आधी सुई वाकडी किंवा उलटी बसली आहे काय ते पाहावे. तो दोष तेलाने जात नाही.

या कामाला अर्धा तास, एक ब्रश आणि तेलाची एक लहान कुपी पुरते. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यात सौंसरही आले आणि आपल्या या दोन गावांतील संस्थांवर नव्या अपेक्षा आल्या. ट्रस्टच्या सभासदांना एकच विनंती. यापुढे जेव्हा एखाद्या घरी शिवणयंत्र द्याल, तेव्हा त्याबरोबर तेलाची कुपी द्या, आणि गावातील एखाद्या जाणत्या शिंपीदादांना त्या घरी तासभर पाठवा. तिसऱ्या महिन्यात कोणीतरी जाऊन पत्री उघडून पाहा. आत भुगा साचलेला नसेल तर ते दान पुरे झाले असे समजावे.