चूक छापखान्याची की विक्रेत्याची?

2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि घराघरांतले ड्रॉवर उपसले जाऊ लागले. जुनी पाकिटं, उरलेली तिकिटं, आजोबांचा अल्बम. पाठोपाठ मोबाइलवर जाहिराती आल्याच: ‘रेअर एरर’, ‘रंग गायब’, ‘बिनछिद्रांचं, एकच नग’. आकडे पाच अंकी. त्यातली बरीचशी दुर्मिळता कात्रीने आणि उन्हाने तयार झालेली असते, हे आधीच सांगून टाकतो.

अस्सल चूक ओळखायला फार मोठा तज्ज्ञ लागत नाही. तुर्भे-महापेच्या एमआयडीसीत बहुरंगी ऑफसेटवर उभा राहणारा मशिनमन तिकीटसंग्राहक नसला, तरी त्याची नजर नेमकी हवी तिथे जाते. कागद मशिनमध्ये कसा शिरतो, प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी कशी, रजिस्टर आउट झालं, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत, की चेहऱ्याला दोन ओठ कसे दिसतात, हे त्याला रोजचं आहे. तिकिटाची परीक्षाही तीच. ही चूक मशिनच्या कुठल्या टप्प्यावर झाली? उत्तर सापडलं तर चूक खरी असू शकते. नाही सापडलं, तर ती कुणीतरी हाताने केली आहे.

‘पिवळा रंग गायब’ असं सांगून विकलं जाणारं तिकीट घ्या. पिवळी प्लेट खरोखरच लागली नसेल, तर दहापट भिंगाखाली पिवळा ठिपका एकही दिसणार नाही. हिरवी पानं निळी दिसतील, पण बाकीचे रंग ठसठशीत असतील. उन्हात ठेवून किंवा रसायनात बुडवून रंग उडवला असेल, तर कुठेतरी पिवळसर छटा उरतेच आणि शेजारचे रंगही मलूल होतात.

बिनछिद्रांचं सुटं तिकीट तर घेऊच नये. चारही कडा कापल्या की छिद्रं गेली! म्हणून जाणकार जोडी मागतात: दोन तिकिटं जोडलेली आणि मधे छिद्रांची ओळ नाही. छिद्रं सरकली असतील, तर शेजारच्या तिकिटाचा तुकडा आत आलेला दिसला पाहिजे. फाडलेल्या दात्यांच्या टोकाला कागदाचे तंतू असतात. कापलेली कड गुळगुळीत लागते.

संपूर्ण बनावट तिकीट पकडायचं, तर अस्सल नग शेजारी हवाच. तिकीट स्कॅन करून पुन्हा छापलं की बारीक अक्षरं ठिपक्यांत विरघळतात. दोन सेंटिमीटरमध्ये छिद्रं किती, हे मोजपट्टीवर जुळत नाही. साधा कॉपियरचा कागद अतिनील दिव्याखाली निळा-पांढरा लखलखतो. शिक्का पुसून पुन्हा वापरलेल्या तिकिटावर त्याच दिव्यात शाईच्या खुणा दिसू शकतात आणि मागचा गोंद बहुधा धुऊन गेलेला असतो.

यातलं सगळ्यात बेरकी उदाहरण गांधीजींच्या तिकिटाचं. 15 ऑगस्ट 1948 रोजी निघालेला चार तिकिटांचा हा संच स्वित्झर्लंडच्या कुर्वोझिए छापखान्यात फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापला गेला. त्यातल्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला बाजारात सर्रास सापडतात. त्याहून नाजूक प्रकरण ‘सर्व्हिस’ असा जादा छाप असलेल्या नगांचं. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी असे फक्त 100 नग काढले होते. त्यातल्या चार तिकिटांच्या सलग पट्टीला 2017 मध्ये पाच लाख पौंड मिळाले. आता विचार करा: दहा रुपयांचं अस्सल तिकीट मिळवायचं आणि त्यावर एक शब्द छापायचा. कागद खरा, चित्र खरं, छिद्रं खरी. खोटा फक्त एक शब्द. इथे भिंग पुरत नाही, तज्ज्ञसंस्थेचं प्रमाणपत्रच लागतं.

महाराष्ट्राला हा धडा बनावट मुद्रांक छापणाऱ्या तेलगीनेही शिकवला होता. त्याचा घोटाळा प्रामुख्याने मुद्रांकांचा, टपाल तिकिटांचा नव्हे. पण नाशिक रोडच्या ज्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आपली टपाल तिकिटं छापली जातात, तिथून भंगारात काढलेली यंत्रं त्याच्या हाती लागली होती. यंत्र जवळपास तेच असलं की छपाई पाहून खरं-खोटं ठरवणं अवघड होतं. मग माल कुठून आला, हेच विचारावं लागतं.

नेमका हाच प्रश्न ‘एरर’ विकणारे टाळतात. छपाईत बिघडलेले कागद तपासणीत बाजूला काढून नष्ट करायचे असतात. चुकून टपाल खिडकीवर विकलं गेलेलं तिकीट ही खरी चूक. मागच्या दाराने बाहेर पडलेली रद्दी ही माझ्या लेखी चोरीचा माल. तिला दुर्मिळ म्हणून मान देणं थांबलं पाहिजे.

तंत्रज्ञान हे सगळं मिटवेल, अशी आशा ब्रिटनने करून पाहिली. 31 जुलै 2023 नंतर तिथे बारकोड नसलेली नेहमीच्या वापराची तिकिटं चालेनाशी झाली. पुढे बारकोडवाल्या तिकिटांच्याही नकला आल्या, आणि पाच पौंडांचा भुर्दंड पडू लागला तो पत्र मिळणाऱ्यालाच. लोक इतके चिडले, की 2024 मध्ये ही वसुली थांबवावी लागली.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 178 नुसार सरकारी तिकिटाची नक्कल करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ‘गंमत म्हणून छापलं’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हौस असलेल्यांनी वाशीहून हार्बर लोकल पकडून सीएसएमटीला उतरावं. मुंबई जीपीओ तिथून चालत गाठता येतं आणि तिथल्या फिलाटेली ब्युरोत तिकिटं छापील किमतीला मिळतात. मोबाइलवरच्या ‘एकच नगा’साठी मात्र विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: ही चूक मशिनच्या कुठल्या टप्प्यावर झाली, आणि हे तिकीट कोणत्या खिडकीवर विकलं गेलं? दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पैसे देऊ नका.