टोपीच्या घड्या

शिरूर-दौंडच्या जुन्या फोटो स्टुडिओंवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. शिरूरच्या बाजारपेठेत निगेटिव्ह मोठी करून छापायचा एन्लार्जर दिसला तो माळ्यावर, फडक्यात बांधलेला. दौंडला स्टेशनजवळच्या एका डार्करूममध्ये मात्र तो अजून चालतो, आणि त्याच्या भिंगाखालच्या एवढ्याशा फिल्टरनेच मला दिवसभर तिथे बसवलं.

डार्करूम चालवणाऱ्या काकांनी निगेटिव्ह लावली. तुकोबांच्या पालखीबरोबर वरवंडला आलेला म्हातारा वारकरी, भर दुपारचं ऊन, टोपी पांढरीफेक आणि चेहरा सावलीत. चेहरा उजळ छापावा तर टोपीचा कोरा ठिपका होतो, टोपी सांभाळावी तर चेहऱ्याचा कोळसा.

यावर तोड म्हणजे मल्टिग्रेड कागद. त्याच्यावरच्या लेपाचे सगळे थर निळ्या उजेडाला सारखेच दाद देतात. हिरव्याला काही लवकर, काही उशिरा. पिवळा फिल्टर निळा अडवतो, मग करड्या छटा पसरतात आणि चित्र मऊ येतं. किरमिजी फिल्टर हिरवा अडवतो, काळं-पांढरं करकरीत उठतं. इल्फर्डने हा कागद १९४० मध्ये आणला. एरवी सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड अशी वेगवेगळी पाकिटं ठेवावी लागत. इथे एका पाकिटावर सर्वांत मऊ ०० ते सर्वांत करकरीत ५ असे बारा फिल्टर पुरतात.

काकांनी आधी ०० लावून बारा सेकंद दिले, ते टोपीच्या घड्यांसाठी. मग श्वास रोखून, एन्लार्जरला धक्का न लावता ५ नंबर सरकवला. इथे हात थरथरला तर चेहऱ्याला दोन नाकं येतात. त्या बोटांकडे पाहताना मीही श्वास रोखला होता.

डेव्हलपरमध्ये टोपी सुरेख आली. डोळे आले नाहीत.

काकांना आधी व्होल्टेजचा संशय आला. ते उतरलं की दिवा पिवळट जळतो, निळा उजेड घटतो आणि फिल्टर तोच असूनही चित्र मऊ पडतं. पण स्टॅबिलायझरचा काटा जागेवर होता. मग त्यांनी ५ नंबर खिडकीशी धरला. कडा गर्द किरमिजी, मधोमध फिकट गुलाबी वर्तुळ. वर्षानुवर्षांच्या उजेडाने रंग खाल्ला होता. नवा संच परदेशातून येतो, महाग पडतो. कागदाचंही तेच, उटीचा ‘इंदू’ काढणारा कारखाना केव्हाच बंद पडला. पाकिटात अकरा कागद उरले होते. मला त्यांची काळजी वाटू लागली, काकांनी मात्र दुसरा कागद काढला.

सेकंद वाढवून पाहिले. चेहरा नुसताच काळवंडला. मग फिक्या ५ वर जुना ४ ठेवला, दोन्ही मऊ फडक्याने पुसून, कारण भिंगाखाली बोटाचा एक ठसासुद्धा चित्र धुरकट करतो.

तिसऱ्या कागदावर डोळे उघडले.