अर्ध्या प्रश्नावरचं पूर्ण भांडण

२०२५ साली भरतीच्या पाण्यात लालबागच्या राजाची मूर्ती तराफ्यावर चढेना आणि गिरगाव चौपाटीवरचं विसर्जन तासन्‌तास लांबलं, ते सगळ्या मुंबईने टीव्हीवर पाहिलं. त्याच आठवड्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमच्यातल्या एकाने खडा टाकला: तराफ्यावरची मूर्ती पाण्यात सोडली की पाण्याची पातळी वाढते, उतरते की तेवढीच राहते? पुढचा दीड तास चार शहाणी माणसं, त्यांतला एक निवृत्त इंजिनीअर, एकमेकांची अक्कल काढत बसली. भेळेचा कागद हातात भिजून गेला. शेवटी चाळीतल्या नळावरच्या भांडणात होतं तेच झालं. कुणीतरी वडीलकीने म्हणालं, "जाऊ द्या हो, सगळ्यांचंच बरोबर आहे. असल्या प्रश्नांना उत्तर नसतंच."

कट्ट्यावरच्या सगळ्या गैरसमजांत हा मला थोरला वाटतो. उत्तर असतं. बहुतेक वेळा ते घरच्या भांड्याकुंड्यांत पडताळूनही पाहता येतं. गाडी अडते ती प्रश्न अर्धाच सांगितल्यामुळे. उरलेला अर्धा प्रत्येक जण आपापल्या मनाने भरतो आणि मग दुसऱ्याच्या उत्तरावर तुटून पडतो.

"मूर्ती बुडाली की पाणी वाढणारच!"

हे इंजिनीअरसाहेबांचं मत. बादलीत तांब्या बुडवला की पाणी वर येतं, हे शेंबडं पोरही सांगेल. खरंच आहे, पण तांब्या बाहेरून आला तर. तराफ्यावरची मूर्ती कोरडी दिसत असली तरी तिचा भार आधीपासून पाण्यावरच असतो. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. बुडालेली वस्तू फक्त आपल्या आकारमानाइतकं. समजा मूर्ती भरीव शाडूची, १०० किलोची आणि ५० लिटर जागा व्यापणारी आहे. ती वर बसली म्हणून तराफा १०० लिटर पाणी जादा सारत होता. तळाला गेल्यावर ती स्वतः सारते ५० लिटर. म्हणजे हौदातून ५० लिटर पाणी काढून घेतल्यावर पातळी जितकी खाली जाईल, तितकी ती जाते. पाणी उतरतं.

मग इंजिनीअर चुकले का? त्यांच्या डोळ्यांपुढे महापालिकेचा कृत्रिम तलाव होता. तिथे मूर्ती काठावरून हातात धरून पाण्यात नेतात, आधी तिचा भार जमिनीवर असतो. तिथे पाणी वाढतंच. "काही फरक पडत नाही" म्हणणारा तिसरा गडी मनात प्लास्टर ऑफ पॅरिसची पोकळ मूर्ती घेऊन बसला होता. ती तराफ्यावरून सोडल्यावर तरंगत राहिली, तर पातळी खरोखरच जागची हलत नाही. पोटात पाणी शिरून ती तळाला गेली की मग उतरते. उत्तरं तीन होती कारण प्रश्न तीन होते, आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही की बाबा, तुझी मूर्ती कुठून निघाली आहे.

समुद्रात हे मोजायला जाऊ नका, भरती-ओहोटीपुढे ५० लिटरचा काय पाड! पातेल्यात पाणी घ्या, त्यात वाटी तरंगत ठेवा, वाटीत खलबत्त्यातला बत्ता किंवा तराजूचं वजन. पातळीवर स्केचपेनने खूण करा. मग वजन वाटीतून उचलून पाण्यात सोडा. आमच्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा खूण पाण्याच्या वर उघडी पडलेली पाहून साहेब थोडा वेळ गप्प होते. ती शांतता दुर्मीळ असते.

"दोन डबे उरले, म्हणजे निम्मं निम्मं"

तीन स्टीलचे डबे. एकात पेढा, दोन रिकामे. तुम्ही एकावर बोट ठेवता. पेढा कुठे आहे हे ठाऊक असलेला मित्र उरलेल्या दोनांपैकी एक रिकामा डबा उघडून दाखवतो आणि विचारतो, "बदलायचाय का?" जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो की बदलून काय मिळणार, पन्नास-पन्नास टक्के.

अमेरिकेतल्या स्टीव्ह सेल्विन या संख्याशास्त्रज्ञाने १९७५ साली हे कोडं मांडलं. १९९० मध्ये मेरिलिन व्हॉस सावंत या स्तंभलेखिकेने (आडनावावरून फसू नका, त्या सावंतवाडीच्या नव्हेत) "डबा बदला" असं उत्तर छापलं आणि त्यांच्यावर सुमारे १०,००० पत्रांचा पाऊस पडला. त्यांतली हजारभर पीएचडीवाल्यांची होती आणि बहुतेकांचा सूर एकच होता: बाई, गणित शिका. पॉल एर्डॉश हा विसाव्या शतकातला नावाजलेला गणिती, पण संगणकावर खेळ पुन्हा पुन्हा खेळून दाखवेपर्यंत त्यालाही ते पटलं नव्हतं. तेव्हा तुम्हाला पटत नसेल तर संगत चांगली आहे.

हिशेब मात्र भाजीवाल्याकडचा आहे. डाव ३०० वेळा खेळा. साधारण १०० वेळा पेढा तुम्ही बोट ठेवलेल्या डब्यातच असेल, २०० वेळा उरलेल्या दोनांपैकी एकात. त्या २०० वेळा मित्राला पेढ्याचा डबा सोडून दुसराच उघडावा लागतो, म्हणजे तो तुम्हाला नकळत पत्ताच सांगतो. बदलणारा ३०० पैकी २०० पेढे खातो, हटवादी १००.

आता गंमत पुढची. हे उत्तर कुठेतरी वाचून आलेला मित्र आणखी धोकादायक, कारण तो "नेहमी दोन तृतीयांश" असा मंत्रच म्हणू लागतो. डबा उघडणाऱ्याला पेढ्याचा पत्ता ठाऊकच नसेल आणि त्याने अंदाजाने उघडलेला डबा योगायोगाने रिकामा निघाला, तर? त्या २०० डावांपैकी १०० मध्ये त्याच्या हातून पेढाच उघडा पडतो आणि डाव रद्द होतो. उरले २००: शंभरात पेढा तुमच्याकडे, शंभरात दुसऱ्या डब्यात. इथे निम्मं निम्मं अगदी बरोबर. डबे तेच, पेढा तोच, डोळ्यांना दिसणारं दृश्यही तेच. फरक उघडणाऱ्याच्या डोक्यातल्या माहितीचा. पैज लावण्याआधी "त्याला माहीत आहे का?" एवढं विचारलं तरी निम्मे वाद वाचतील.

"बरेच दिवस सत्ता आला नाही, आज येणार"

हे वाक्य परळ-लालबागने मागच्या शतकात जितकं ऐकलं तितकं दुसऱ्या कुठल्या भागाने ऐकलं नसेल. मटका या आकड्यांच्या जुगाराची सुरुवात न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवरच्या सट्ट्यातून झाली. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या काळात पत्ते ओढून आकडा काढायची पद्धत रुजली आणि गिरणीचा पगार आकड्यांवर लागू लागला. जुने निकाल वहीत लिहून चार्ट काढणारे पंडित गल्लोगल्ली होते. त्यांची बुद्धी कमी नव्हती. फक्त पत्त्यांना स्मरणशक्ती असते असं ते धरून चालले होते.

तीन आकड्यांची बेरीज करून शेवटचा अंक धरायचा, ही रीत. क्रम न पाहता तीन आकड्यांच्या एकूण २२० पत्त्या होतात आणि शून्यापासून नवापर्यंत प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर २२ येतात. पत्ते प्रामाणिकपणे ओढले तर दहाही अंकांची संधी सारखीच. वीस दिवस सत्ता आला नाही म्हणून एकविसाव्या दिवशी त्याची संधी दहातल्या एकावरून रतिभरही वाढत नाही. "पण शेवटी सरासरी जुळतेच ना?" जुळते, ती पुढच्या हजारो ओढींच्या गर्दीत जुनी तूट विरून जाते म्हणून, कुणी ती भरून काढतं म्हणून नव्हे. आणि एकास नऊच्या भावाने, दहांत एक संधी असताना, लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी दहा पैसे बुकीकडे राहतात. ओढ प्रामाणिक नसेल तर चार्ट आणखीच निरुपयोगी, कारण लबाडी करणारा तुमची वही बघत नाही. कुठल्या आकड्यावर कमी पैसे लागलेत ते बघतो.

"धावत्या लोकलमध्ये उडी मारली तर मागे पडू"

प्रत्यक्षात मागे पडत नाही हे रोज उभ्याने प्रवास करणाऱ्याला कळतंच. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. फूटभर उंच उडी अर्धा सेकंद टिकते. गैरसमज खरा असता तर आपण ११ मीटर मागे, कुणाच्या तरी मांडीवर आदळलो असतो. पण कारण विचारलं की कट्टा हमखास घसरतो: "डब्यातली हवा आपल्याला पुढे ढकलते." हवेचा इथे काडीचा संबंध नाही. पाय सुटण्याआधी तुमचाही वेग ताशी ८० किलोमीटर होता आणि तो काढून घेणारं कुणी नाही, म्हणून तो तसाच राहतो. गाडी दादरला थांबण्यासाठी ब्रेक लावत असताना उडी मारलीत, तर मात्र पुढे पडाल. (मारू नका. आजूबाजूचे लोक भौतिकशास्त्र समजून घेणार नाहीत.)

हा वाद आपल्याकडे लोकल यायच्या किती आधीचा आहे, हे मला फार आवडतं. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने लिहिलं की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. फिरते ती पृथ्वी. त्यावर वराहमिहिराने हरकत घेतली की पृथ्वी फिरत असती तर घरट्यातून उडालेले पक्षी परत घरट्यात कसे आले असते? म्हणजे लोकलमधल्या उडीचाच प्रश्न. गॅलिलिओने जहाजाच्या बंद खोलीचा दाखला देऊन १६३२ साली त्याचं सविस्तर उत्तर छापलं. हजार वर्षांहून जास्त काळ चाललेला हा कट्टा म्हणायचा.

कट्ट्यावरचा आणखी एक लाडका विषय, भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरचं काल्पनिक मांजर, त्याबद्दल थोडक्यात आटपतो, कारण कट्ट्यावर त्याचा छळ पुरेसा झालाय. ते मांजर एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं असतं, असा श्रोडिंगरचा दावा नव्हता. १९३५ मध्ये त्याने ते उदाहरण उलट हेतूने दिलं: पुंजभौतिकीच्या समीकरणांचा तेव्हा प्रचलित असलेला अर्थ मांजरापर्यंत ताणला तर किती हास्यास्पद होतो, हे दाखवायला.

"जुळ्यांची गोष्ट म्हणजे नुसती कल्पना"

एक जुळा भाऊ अतिवेगवान यानातून फिरून येतो आणि घरी राहिलेल्या भावापेक्षा तरुण निघतो. यावर दोन आक्षेप ठरलेले. पहिला, दोघंही एकमेकांना फिरताना बघतात, मग तरुण कोण? याचं उत्तर प्रवासात आहे. एक भाऊ घरीच बसला. दुसऱ्याला वाटेत वळून परत यावं लागलं. वळताना त्याला जो हिसका बसला तो घरच्याला बसला नाही, म्हणून दोघांची बाजू सारखी नाही आणि विरोधाभासही नाही.

दुसरा आक्षेप, हे कुणी पाहिलंय? १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी आण्विक घड्याळं विमानात घालून पृथ्वीप्रदक्षिणा करवली आणि परतल्यावर ती जमिनीवरच्या घड्याळांशी जुळली नाहीत. फरक सेकंदाच्या अब्जांश भागांतला, पण आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताने सांगितला तेवढाच. पण मला त्याहून जवळचा पुरावा मुंबईचा वाटतो. होमी भाभा याच शहरात १९०९ साली जन्मले. १९४५ अखेर त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईत सुरू केली ती पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात. कुलाब्याची इमारत फार नंतरची. त्याच्याही आधी, १९३८ मध्ये, केंब्रिजला असताना त्यांनी 'नेचर'मधल्या एका छोट्या टिपणात सुचवलं होतं की विश्वकिरणांत सापडणारा, इलेक्ट्रॉनपेक्षा जड असा अल्पायुषी कण म्हणजे एक घड्याळच आहे. तो वेगाने जाताना आपल्या दृष्टीने हळू म्हातारा होत असेल, तर आइन्स्टाइनचं म्हणणं थेट पडताळता येईल. १९४१ साली रॉसी आणि हॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ते पडताळलं.

त्या कणाला आज म्यूऑन म्हणतात. त्याचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या एक कोटी भागांपैकी २२ भागांइतकं, म्हणजे २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्या वेळात तो ६६० मीटरच जाईल, म्हणजे दादर स्टेशनवरून निघून शिवाजी पार्कलाही पोचणार नाही. आणि जन्मतो तो साधारण १५ किलोमीटर उंचीवर. काळ सगळ्यांसाठी एकाच चालीने चालत असता तर जवळपास सगळे म्यूऑन वरच संपले असते. पण समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक खाली पोचतो. कट्ट्यावर बसून उताणा हात पुढे धरलात तर तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जात असतो, "हे कुणी पाहिलंय?" असं विचारताना उगारलेल्या हातातूनसुद्धा.