रेताड जमीन : खताचा पैसा पाण्यात कसा जातो?

वाळू पाणी धरून ठेवीत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या पाण्यात विरघळलेल्या खताचे पुढे काय होते, याचा विचार क्वचितच केला जातो. पीककर्जाच्या रकमेतील काही भाग खतावर खर्च होत असल्याने हा प्रश्न शेतकरी ग्राहक आणि बँक अधिकारी या दोघांच्याही जिव्हाळ्याचा आहे. पश्चिम राजस्थानात तसेच केरळ व ओडिशाच्या किनारपट्टीवर अशा जमिनी मोठ्या प्रमाणात आढळतात.

सर्वसाधारणपणे ०.०५ ते २ मिलिमीटर व्यासाच्या कणांना वाळू, तर ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना चिकणमाती म्हणतात. वाळूच्या कणांमधील पोकळ्या मोठ्या असल्याने पाणी झरझर खाली उतरते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे अमोनियम, पोटॅशियम यांसारखे धनभारित घटक त्यांना चिकटून राहतात. वाळूत ही धारणशक्ती अत्यल्प असते. युरियाचे जमिनीत प्रथम अमोनियम व नंतर जिवाणूंमार्फत नायट्रेट बनते. नायट्रेट स्वतःच ऋणभारित असल्याने ते पाण्याबरोबरच प्रवास करते. स्फुरद मात्र बहुधा लोह, ॲल्युमिनियम वा चुन्याच्या संयुगांशी जखडून राहते.

हा प्रवास साध्या हिशेबाने समजतो. निचरा झाल्यावर रेताड जमीन आकारमानाच्या सुमारे १० टक्के पाणी धरते, तर भारी जमीन सुमारे ४० टक्के. गरजेपेक्षा ५ सेंटिमीटर पाणी जास्त दिल्यास नायट्रेट रेताड जमिनीत सुमारे ५० सेंटिमीटर, तर भारी जमिनीत सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली सरकते. हा हिशेब ढोबळ आहे. मोठ्या पोकळ्यांतील पाणी पुढे धावते, लहान पोकळ्यांतील मागे रेंगाळते आणि विरघळलेला पदार्थ वाटेत पसरत जातो. तरीही एक-दोन अतिरिक्त पाळ्यांत नायट्रेट अनेक पिकांच्या मुळांच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते, हे त्यावरून ध्यानात येते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्यातील गमावलेला हिस्सा पीक परत करीत नाही.

हे नुकसान शेतापुरते मर्यादित नाही. उथळ विहिरींत नायट्रेट साचते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. अधिक नायट्रेटमुळे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते व अंग निळसर पडते. विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध अमेरिकेतील डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ साली मांडला. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते.

उपाय मात्र आवाक्यातले आहेत. नत्र एकदम न देता पिकाच्या वाढीनुसार हप्त्यांत द्यावे. पाणी थोडे व वारंवार, शक्यतो ठिबकने द्यावे. शेणखताने धारणशक्ती वाढते. २०१५ पासून देशी युरियाला असलेले कडुनिंबाचे आवरण नायट्रेट बनण्याचा वेग मंदावते. पण ते जास्तीच्या पाण्याला पर्याय नव्हे.

मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटकांची नोंद असते, परंतु कणांच्या आकारमानाचा त्यात समावेश नाही. तेव्हा ओलसर माती मुठीत दाबून पाहावी. गोळा लगेच विस्कटला, तर जमीन रेताड समजावी आणि खतापाण्याचे वेळापत्रक त्यानुसार आखावे.