परमुलखातील विनोदवीर

अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराखी, पिस्तुले आणि धुळीने माखलेली गावे यांवर मूकपटांच्या काळी उदंड चित्रपट निघाले. शूरांच्या त्या दुनियेत विनोदी नटांनी वेगळीच वाट काढली. त्या मुलखाची ज्याला काडीचीही माहिती नाही, असाच माणूस त्यांनी तेथे नेऊन सोडला.

‘वाइल्ड अँड वुली’ (१९१७) मध्ये डग्लस फेअरबँक्स हा न्यूयॉर्कचा धनिकपुत्र पश्चिमेच्या वेडापायी ॲरिझोनात जातो. गाव केव्हाच सुधारलेले. पण पाहुण्याची हौस पुरवावी म्हणून गावकरी जुन्या काळाचे सोंग वठवतात. मौज खरी, तरी तीत पाहुण्याला खुळा ठरविण्याचाच भाग अधिक.

बस्टर कीटनचा ‘गो वेस्ट’ (१९२५) मला याहून सरस वाटतो. जगात कोणीच नसलेला हा तरुण गुरांच्या कुरणावर कामाला लागतो. दूध काढायला सांगितले, तर गाईखाली बादली ठेवून स्वस्थ वाट पाहत बसतो! पत्त्यांच्या डावात लबाडी दाखवून देताच प्रतिपक्षी पिस्तूल रोखून ‘हसून बोल’ असा दम भरतो. कधीही न हसणारा हा मनुष्य तेव्हा बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलतो. येथे हसू येते, पण त्या गरिबाला कमी लेखावेसे वाटत नाही.

आपल्या देशात १९२१ साली धीरेन गांगुलींच्या ‘बिलेत फेरत’ने विलायतेहून परतलेल्या माणसाची घरच्याच अंगणात उडालेली तारांबळ दाखविली. हेच गांगुली पुढे हैदराबादेत चित्रपट काढू लागले, म्हणजे आपले बीदर-गुलबर्गा ज्यात होते त्या राज्यात. १९२४ मध्ये ‘रझिया बेगम’ दाखविल्यावरून निजामाची इतराजी झाली आणि त्यांना राज्य सोडावे लागले. विनोदकारावरच परमुलखी ठरण्याची पाळी आली!

आपल्याला तर त्यासाठी प्रवासही करावा लागला नाही. १९५६ साली बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा तिकडे गेले, भालकी, हुमनाबाद इकडे राहिले. घरे जागच्या जागी होती. कचेरीची भाषा तेवढी बदलली. मराठी शाळेतून कन्नड महाविद्यालयात गेलेल्या मुलाचा एखादा शब्द चुकला की हशा पिकतो. तो हशा कोणत्या जातीचा आहे, हे त्या मुलाला नेमके कळते. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड उघडतो की मागच्या बाकावर गप्प बसतो, ते त्यावरच ठरते.

कीटनच्या नायकाने एका गाईच्या खुरात रुतलेला खडा काढलेला असतो. तेवढ्यावर ती त्याची सखी होते, उधळलेल्या बैलापासून त्याला वाचवते. शेवटी मालक प्रसन्न होऊन ‘हवे ते माग’ म्हणतो. तो ‘ती हवी’ म्हणतो. मालकाला वाटते, आपली कन्या मागतो आहे. त्याला हवी असते ती गाय.