कोल्हे वाढले, की कोल्हेकुई वाढली?

"रात्री कोल्हे ओरडतात, संख्या फार वाढलीय, कुणीतरी बंदोबस्त करा." खाडीकाठच्या सोसायटीच्या ग्रुपवर थंडीत असा मेसेज तुम्हीही वाचला असेल. समजा, तो वाचून तुम्ही सिनॉप्सिसवर शीर्षक टाकलंत: 'ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील कोल्ह्यांचे नियंत्रण'. गाईडला पाठवण्याआधी जरा थांबा. कोल्हे वाढलेत, वाढल्यामुळे त्रास होतोय आणि कमी केले की त्रास कमी होईल, अशा तीन गोष्टी या शीर्षकात गृहीत धरल्या आहेत. तपासलेली त्यातली एकही नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. इसापनीतीतल्या 'फॉक्स'चं मराठीत 'कोल्हा' केलं गेलं आणि तेच डोक्यात बसलं. पण ठाणे खाडीच्या खारफुटीतला आपला कोल्हा म्हणजे गोल्डन जॅकल, कुत्र्या-लांडग्यांच्या कॅनिस प्रजातीतला. खरा फॉक्स म्हणजे खोकड, आणि तो देशावरच्या माळरानाचा प्राणी. त्यामुळे लिटरेचर रिव्ह्यूसाठी 'फॉक्स कंट्रोल' शोधलंत तर ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या लाल खोकडाचे पेपर पुढ्यात येतील. ते जरूर वाचा, पण निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नका.

आता थंडीच का? कोल्ह्यांचा जोड्या जमण्याचा काळ साधारण हिवाळ्याच्या उत्तरार्धात येतो आणि त्या सुमारास ओरडणंही वाढतं. गर्भकाळ सुमारे ६० ते ६३ दिवसांचा, म्हणजे पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडावर. याचा अर्थ, आपल्याला कोल्हेकुई सगळ्यात जास्त ऐकू येते ती नवी पिल्लं यायच्या आधी, जेव्हा वर्षातली संख्या तळाला असण्याची शक्यता जास्त असते! शिवाय थंडीत पंखे आणि एसी बंद असतात, त्यामुळे लांबचा आवाजही घरात येतो. (हा माझा तर्क आहे, पण एखाद्या एमएस्सी प्रोजेक्टला सहज तपासता येईल.) तक्रारींची संख्या हा डेटा आहेच, फक्त तो कोल्ह्यांच्या संख्येचा नाही.

"मग कॅमेरा ट्रॅप लावू," तुम्ही म्हणाल. लावा, पण तो प्राणी कसा टिपतो ते आधी समजून घ्या. कॅमेऱ्याचा सेन्सर प्राणी आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक हलला की चालू होतो. मे महिन्यात रात्रीसुद्धा चिखल आणि झाडं कोमट असतात, फरक कमी पडतो, समोरून गेलेला कोल्हा सुटतो. जानेवारीच्या गार रात्री तोच कोल्हा त्याच वाटेवर नीट टिपला जातो. उलट धुकं किंवा पाऊस असेल तर इन्फ्रारेड फ्लॅशचा उजेड थेंबांवरून परत येतो आणि फोटो पांढराफटक निघतो. आपल्याकडे हिवाळ्यात पाऊस कुठला, असं म्हणू नका. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळामुळे इथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या आणि १ डिसेंबर २०२१ लाही दिवसभर झोडपलं होतं.

याने आकडा किती बदलतो? एक काल्पनिक उदाहरण घ्या. खाडीकाठी ३० ठिकाणी कॅमेरे आहेत, त्यातल्या २० ठिकाणी कोल्हे खरोखर आहेत. एका रात्रीत टिपला जाण्याची शक्यता उन्हाळ्यात ०.२ आणि थंडीत ०.४ धरू. पाच रात्रींत एकदाही न टिपला जाण्याची शक्यता उन्हाळ्यात ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.३३ आणि थंडीत ०.६ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.०८. उन्हाळ्यात साधारण १३ ठिकाणी कोल्हे 'सापडतील', थंडीत १८ ठिकाणी. जवळपास ३८ टक्के वाढ, आणि एकही कोल्हा वाढलेला नाही. यावरचा उपाय २००२ साली मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी मांडला: एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा पाहायचं, आणि 'असणं' व 'दिसणं' यांच्या शक्यता वेगवेगळ्या काढायच्या. ऑक्युपन्सी मॉडेल म्हणतात ते हेच.

खाडीत आणखी एक गुंता आहे. पौर्णिमेला चांदणं असतं आणि उधाणही. पाणी चढलं की कोल्हे बांधावर, रस्त्याकडे येऊ शकतात. मग जास्त दिसले ते चांदण्यामुळे की पाण्यामुळे? सुदैवाने अमावास्येलाही उधाण येतं, फक्त चांदण्याशिवाय. दोन्ही रात्रींची तुलना केली की गुंता सुटायला लागतो. इतका स्वस्त प्रयोग फार कमी ठिकाणी मिळतो. (कॅमेरा मात्र उधाणाच्या रेषेच्या वर बांधा, आणि वनविभागाची लेखी परवानगी आल्यावरच.)

एवढं सगळं म्हणताना त्रास खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागात मेलेल्या कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज निघाला. तो भाग याच खाडीच्या काठावर आहे. मग मारून टाकावेत का? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे, पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. युरोपात रेबीज थोपवण्यासाठी वर्षानुवर्षं खोकडांना गोळ्या घातल्या, बिळांत विषारी वायू सोडला, तरी साथ पुढे सरकतच राहिली. मोकळ्या झालेल्या हद्दीत नवे प्राणी येतात, आणि येताना रोगही आणू शकतात. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यांत लस घालून ती टाकली गेली. तिथून सुरू झालेल्या मोहिमांनी पश्चिम युरोपातून खोकडांचा रेबीज जवळजवळ संपवला.

ब्रिटनचं उदाहरणही बघा. २००१ मध्ये लाळ-खुरकतीच्या साथीमुळे तिथली खोकडाची शिकार महिनोन्‌महिने बंद होती. संशोधकांनी बंदीच्या आधी आणि नंतर विष्ठा मोजली, तर खोकड वाढल्याचं दिसलं नाही. पण हा निष्कर्ष शिकारी कुत्र्यांसह होणाऱ्या शिकारीपुरताच आहे. 'मारण्याचा काहीच परिणाम होत नाही' एवढा मोठा अर्थ काढलात तर व्हायव्हामध्ये पकडले जाल.

कोल्हा काकडीला राजी, ही म्हण जीवशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. उंदीर, खेकडे, फळं, उघड्यावरचा कचरा, त्याला सगळं चालतं. म्हणून कल्याण-डोंबिवलीत काम करणार असाल तर उल्हास नदीकाठचा कचरा नकाशावर मांडण्यापासून सुरुवात करा. खाणं तेवढंच राहिलं तर एक कोल्हा उचलून काय साधणार, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो. भटक्या कुत्र्यांचं लसीकरण कुठे झालंय, हेही त्याच नकाशावर टाका.

शीर्षक असं करून बघा: 'ठाणे खाडी व उल्हास नदीकाठी कोल्ह्यांचा वावर आणि माणसांशी येणारा संबंध: ऋतू, भरती आणि कचऱ्याचा परिणाम'. लांबलचक आहे, कबूल. आणि फील्डवर जाण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घेऊन टाका. तरीही कोल्हा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.