रस्त्यावर उतरलेले विमान

गेल्या २५ डिसेंबरपासून आमच्या पनवेलच्या आकाशात विमानांची ये-जा सुरू झाली. उलव्याकडे विमानतळ होणार, होणार म्हणून आम्ही नोकरीला लागल्यापासून ऐकत होतो. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले आणि नाताळच्या दिवशी प्रवासी विमाने सुरू झाली. पहिले काही दिवस शाळेत तास घेणे मुश्कील झाले. बाहेर घरघर ऐकू आली की अख्खा वर्ग खिडकीशी.

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत. वय ऐंशीच्या पुढे. असरच्या नमाजीनंतर ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. एका संध्याकाळी विमान वरून गेले तसे ते नातवाला म्हणाले, "मी पहिल्यांदा विमानात बसलो ना, तेव्हा आत शिरल्यावर चढण होती. सीट धरून धरून वर जावं लागलं. आणि जिथं उतरलो तिथं आता रस्ता आहे. दोन्ही बाजूला दुकानं."

नातू खो खो हसला. विमानात चढण? आणि विमान उतरले ते रस्त्यावर? सूनबाईंनी आम्हाला हळूच सांगितले, "अब्बा अलीकडे असंच काहीतरी बोलतात. सकाळी गोळी घेतली की नाही, तेही लक्षात राहत नाही." हळूच म्हटले तरी चाचांनी ते ऐकले. उत्तर दिले नाही, नुसती मान फिरवली. खरे सांगायचे तर तेव्हा आम्हालाही सूनबाईंचेच पटले होते.

पण ती फिरवलेली मान काही डोळ्यांपुढून जाईना. पुढच्या आठवड्यात आम्ही वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो आणि म्हटले, "चाचा, पहिल्यापासून सांगा."

कोकणातल्या शेकडो घरांतली जी कहाणी, तीच त्यांची. मुंबईहून 'द्वारका' बोटीने खाडीकडे. १९८२ पर्यंत ही बोट चालू होती. आपल्यापैकी अनेकांचे वालिद, मामू त्याच बोटीच्या डेकवर पथारी टाकून गेले असतील. चाचा आधी बहारीनला गेले. १९६६ मध्ये मालकाने त्यांना शारजाला पाठवले, ते मात्र विमानाने. गल्फ एव्हिएशनचे डकोटा.

"आधी वजन केलं. सामानाचं नाही, माझं! पेटी हातात धरून काट्यावर उभं केलं. मला वाटलं, वजनावर तिकिटाचे पैसे घेतात की काय." मग कानात घालायला कापूस आणि चघळायला गोळी मिळाली. इंजिन सुरू झाले तेव्हा धूर निघाला आणि शेजारचा माणूस मोठ्याने कलमा पढू लागला. चाचाही पढले असतील, पण तेवढे ते कबूल करत नाहीत. आत उकाडा, पत्र्याची थरथर, आणि आवाज इतका की बोलायचे तर कानाला तोंड लावावे लागे. विमान फार उंच जात नव्हते. "खाली समुद्रात पडाव दिसत होते. शिडं मोजता येत होती. आत्ताच्या विमानात काय दिसतं? ढग."

घरी येऊन आम्ही डकोटाची माहिती काढली. चाचांचा एकेक शब्द खरा निघाला. डकोटा म्हणजे डग्लस डीसी-३. ते पहिल्यांदा १७ डिसेंबर १९३५ ला उडाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी हजारोंनी बनले आणि युद्ध संपल्यावर स्वस्तात विकले गेले, म्हणून जगभरच्या लहानमोठ्या कंपन्यांकडे पोहोचले. दोन मोठी चाके पंखांखाली आणि तिसरे, अगदी लहान, शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर असताना त्याचे नाक वर आणि शेपूट खाली. दरवाजा मागच्या बाजूला. आत शिरणाऱ्याला खरोखरच चढ चढून आपल्या सीटवर जावे लागे. धावपट्टीवर वेग आला की आधी शेपूट उचलले जाई, तेव्हा कुठे जमीन सपाट होई. आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, म्हणून उंच जाता येत नसे आणि कान दुखत. कापूस आणि गोळी त्यासाठी. वजन करण्याचे कारणही सरळ आहे: लहान विमानात भार पुढे किती, मागे किती, हे पाहूनच माणसे बसवावी लागतात.

चढण सुटली. राहिला रस्ता.

तो सोडवला शारजात नोकरीला असलेल्या थोरल्या नातवाने. फोनवर विचारले तर म्हणाला, "अहो, मी रोज त्याच रस्त्याने जातो!" शारजाचा जुना विमानतळ १९७० च्या दशकात शहराबाहेर नेला आणि जुन्या धावपट्टीचा रस्ता झाला, किंग अब्दुल अझीझ रोड. शेजारची जुनी इमारत आता अल महत्ता संग्रहालय आहे. जुम्माच्या सुट्टीत तो तिथे गेला आणि व्हिडिओ पाठवला. आत एक डकोटा उभे आहे, नाक वर, शेपूट खाली. चाचांनी फोन डोळ्यांजवळ धरून तो कितीदा पाहिला, याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. सूनबाई पदराने डोळे पुसत आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या, साखर नेहमीपेक्षा जास्त.

त्या इमारतीची एक गोष्ट वाचून आम्ही चकित झालो. ती बांधली १९३२ मध्ये, लंडनहून हिंदुस्थानकडे येणाऱ्या इम्पीरियल एअरवेजच्या विमानांना मुक्कामासाठी. चार इंजिनांचे, दुहेरी पंखांचे 'हॅनो' नावाचे अवाढव्य विमान त्या ऑक्टोबरात वाळूत उतरले. तिथून विमाने कराचीला येत. आणि त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पस मॉथ विमानात कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोल भरून घेतले आणि जुहूच्या मैदानात उतरले. म्हणजे लंडनची पत्रे शारजावरून कराचीला आणि तिथून आपल्या मुंबईला. चाचांची वाट त्यांच्या जन्माआधीच आखलेली होती, फक्त उलट्या दिशेने.

पन्नास वर्षांनी, १९८२ च्या १५ ऑक्टोबरला, जेआरडींनी तसल्याच जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते जुहू हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. वय ७८. हे आम्ही वाचून दाखवले तेव्हा चाचा म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर! आणि मला घरचे जिन्यावरून एकटं उतरू देत नाहीत."

मग त्यांनी विचारले, "डकोटा आता कुठं उडतं का?" उडते. आपल्या हवाई दलाकडे एक आहे. इंग्लंडमध्ये दुरुस्त करून २०१८ मध्ये ते उडवतच भारतात आणले. नाव 'परशुराम', क्रमांक व्हीपी ९०५. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला पहिले सैनिक घेऊन गेलेल्या डकोटाचा हाच क्रमांक होता. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ते उडालेही. 'परशुराम' ऐकून चाचा हसले. "म्हणजे आपल्या चिपळूणच्या घाटाचं नाव!" त्यात बसायला मिळेल का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि आम्हीही तो विषय काढला नाही.

धाकटा नातू आता रोज ओट्यावर येतो. परवा त्याने खाटेच्या दोन पायांखाली विटा ठेवून तिरकी खाट केली आणि आजोबांना विचारले, "एवढी चढण होती?" चाचांनी काठीने खाट दाबून पाहिली.

"अजून एक वीट लाव," ते म्हणाले.